ओव्याची शॉर्टब्रेड (बेळगाव सीमाभाग)

मैदा, साखर आणि लोणी एवढ्याच जिनसांचे, अंडे व सोडा न घालता मंद आचेवर भाजलेले खुसखुशीत बिस्किट म्हणजे शॉर्टब्रेड. मूळ स्कॉटलंडचे. तिथे नाताळात आणि नववर्षाच्या रात्री ते घरोघरी असते. मध्यरात्रीनंतर उंबरा ओलांडणारा पहिला पाहुणा ते भेट म्हणून आणतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत हे नाव नवखे असले, तरी नानकटाई कुणाला नवी नाही, आणि शॉर्टब्रेड तिचीच सख्खी बहीण शोभते.

नावातल्या ‘शॉर्ट’चा आखूडपणाशी संबंध नाही, ठिसूळ, भुसभुशीत असा त्याचा जुना अर्थ. स्निग्धांश मैद्याच्या कणांना वेढून घेतो, पाणी त्यांना भिडू देत नाही, त्यामुळे ग्लुटेनचे (मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे) लांब धागे जुळत नाहीत आणि बिस्किट तोंडात विरघळते. शंकरपाळ्यांना मोहन घालण्यामागे हेच तर असते.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखरेला २०० ग्रॅम लोणी व ३०० ग्रॅम मैदा. मैद्यातले ५० ग्रॅम काढून तेवढी तांदळाची पिठी घातली, तर दाताखाली हलका रवाळपणा येतो. स्कॉटलंडमध्येही तशी पद्धत आहे, आणि खानापूर तालुक्यासारख्या भातपिकाच्या मुलखात पिठी शोधत फिरावे लागत नाही. लोण्याऐवजी तूप घ्यायचे तर १६० ग्रॅम पुरते, कारण लोण्यात साधारण पाचवा हिस्सा पाणी व दुधाचा अंश असतो. तूप थिजलेले हवे. पातळ तुपात पीठ मळले की बिस्किटे पत्र्यावर पसरतात.

पाश्चात्त्य पाककृतींत यात थाइम या सुगंधी वनस्पतीची पाने घालतात. ती इकडे सहजी मिळत नाहीत म्हणून हळहळू नये. थाइमच्या वासाचे मूळ थायमॉल हे सुगंधी द्रव्य, आणि आपल्या ओव्याचा झणका त्याच थायमॉलचा. म्हणून ओवा हा इथे नाइलाजाचा पर्याय नाही. तो या बिस्किटात हक्काने बसतो. वरच्या प्रमाणाला एक चमचा ओवा तव्यावर जेमतेम गरम करून तळहातावर चुरडून घालावा. परसात कुंडीतला पानओवा असेल (कानडी शेजारी त्याला दोड्डपत्रे म्हणतात), तर त्याची पाने जाड व रसाळ असल्याने आधी सावलीत वाळवावीत. ओली पाने घातली तर बिस्किट मऊ पडते.

मळताना हात आखडता ठेवावा. गोळा जुळला की थांबायचे, अर्धा तास गार जागी ठेवायचे, मग बोटभर जाडीचे थापून काट्याने टोचे मारायचे. ओव्हनमध्ये १५० ते १६० अंश सेल्सिअसला अर्धा तास पुरतो. कडा फिकट सोनेरी झाल्या की काढावे, लाल होऊ देऊ नये. वड्या गरम असतानाच कापाव्यात, गार झाल्यावर कापू गेल्यास तुकडे पडतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, वर तिवई ठेवून, झाकण घालून भाजता येते. वेळ जास्त लागतो, एवढेच.

मात्र मोठा घाणा असेल तर भट्टी ती भट्टीच. दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे, नंबर लावायचा आणि नानकटाईचे डबे भरून आणायचे, ही या भागातली ओळखीची रीत. शॉर्टब्रेडचे पत्रे पाव काढल्यानंतरच्या उतरत्या आचेला लावायला सांगावेत. भरल्या भट्टीत ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

अंडे नसल्याने शाकाहारी घरांतही ही चालते, आणि वाटावाटीला हे फार सोयीचे. फराळाच्या ताटात चिवडा-चकलीशेजारी ती शोभते. डिसेंबरात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून कुलकुलांची, नेवऱ्यांची बशी आली, की ती रिकामी परत कशी पाठवायची हा प्रश्नही सुटतो. डबा भरण्यापूर्वी बिस्किटे पूर्ण निवू द्यावीत. वाफ आत कोंडली तर दोन आठवडे टिकणारा खुसखुशीतपणा दोन दिवसांत जातो.