लॉक आणि थ्रोचा सराव: विद्यार्थी व पालकांसाठी माहिती

दर्यापूर, येवदा आणि आसपासच्या गावांतून आमच्या ज्युदो व स्वसंरक्षण वर्गात मुलं येतात. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, पोट्ट्याले अजून पडाचंच शिकवून राह्यले का?" मुलं विचारतात, "हाताचा लॉक कधी?" (लॉक म्हणजे सांधा अडकवून त्यावर दाब देणं, थ्रो म्हणजे जोडीदाराला खाली पाडणं.) दोघांनाही नीट उत्तर मिळावं म्हणून हे पत्रक. प्रवेश घेतलेल्यांनी घरी एकदा मोठ्यानं वाचावं.

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो उशिरा केलेल्या टॅपमुळे, म्हणजे थापटी मारून "सोड" असं सांगायला उशीर केल्यामुळे. जोडीदारानं हात सरळ करून लॉक लावला, सुटका दिसत नाही, तरी मुलगा दात-ओठ खाऊन थांबतो. कोपर सरळ झालं की पुढे जायला जागाच नसते. त्यानंतरचा सगळा दाब अस्थिबंधांवर येतो. दुखायला लागणं आणि इजा होणं यांत फार थोडं अंतर असतं, म्हणून "अजून सहन होते" हा हिशेब तिथे चालत नाही. कोपर ताणलं की काही आठवडे सराव बंद. त्याच्या वजनाचा दुसरा जोडीदार लगेच मिळत नाही, म्हणून जोडीतला दुसराही रिकामा बसतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावं. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. दुखावलेल्या कोपरानं तो फेकणार कसा?

हे का होतं तेही आम्हाला कळतं. आपल्याकडचा मुलगा कुस्तीच्या मातीतून येतो. पाठ लागू द्यायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. ही चिकाटी आम्हाला हवीच आहे, सामन्यात ती कामाला येते. पण सरावात टॅप केला म्हणजे हरलो असं नाही. लवकर टॅप करणारा मुलगा त्याच तासात तोच लॉक आणखी अनेकदा लावून-सोडवून पाहतो आणि लवकर तयार होतो.

लॉक पक्का बसला की, दुखण्याआधीच, मोकळ्या हातानं जोडीदाराच्या अंगावर दोन-तीनदा स्पष्ट थापट्या मारा. हात अडकले असतील तर पाय मॅटवर आपटा. तेही जमत नसेल तर तोंडानं "बस" म्हणा. लॉक लावणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. आधी पकड पक्की करा, मग क्षणभर थांबा, मग हळूहळू दाब वाढवा. झटका देणाऱ्याला आम्ही त्या दिवशी मॅटवरून उठवतो, मग तो कोणाचाही मुलगा असो. टॅप जाणवताच सोडायचं, "खरंच केला का" असं विचारत बसायचं नाही.

थ्रोमध्येही मूळ तेच. पाठ लागू नये म्हणून मुलगा हवेतच वळतो आणि हात टेकवतो. अंगाचं सगळं वजन त्या एका हातावर येतं: मनगट, कोपर, नाहीतर कॉलर बोन. म्हणून आधी पडणं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळवा आणि कोपरापुढचा हात एकदम मॅटवर. जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यांत डोक्याच्या इजा सर्वाधिक, नवखी मुलं जास्त, आणि मागे पाडणारा ओसोतो-गारी हा थ्रो वारंवार कारणीभूत. आम्ही हा थ्रो उशिरा शिकवतो तो यामुळेच. डोकं आपटलं असेल तर मुलाला बरं वाटत असलं तरी त्या दिवशी सराव नाही. डॉक्टरांना दाखवावं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच परत पाठवावं.

"एवढं जपून खरी मारामारी कशी येईल?" असंही कोणी विचारतं. १८८२ साली ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढून फक्त ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले. उरलेले डाव पूर्ण ताकदीनं रोज करता येऊ लागले, आणि ताकदीनं रोज केलेलाच डाव वेळेला हाताशी येतो.

मोबाईलवर पाहिलेले डाव खळ्यात किंवा ओट्यावर करून पाहू नका, विशेषतः दोन्ही पायांची कैची मारून पाडण्याचा. १९८० साली जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत याच डावानं यासुहिरो यामाशितांचा पाय मोडला. पुढे १९८४ च्या ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकणारा तो खेळाडू, समोरचाही अव्वल. ज्युदो स्पर्धेतून तो डाव पुढे बंदच झाला. लॉकही स्पर्धेत फक्त कोपराचाच चालतो. गुडघ्याचे आणि मानेचे लॉक आम्ही शिकवत नाही, जास्त फी देऊ केली तरी नाही.

आमची फी गावातल्या इतर वर्गांपेक्षा थोडी जास्त आहे. ती जाड ज्युदो मॅटवर आणि प्रत्येक बॅचला दोन शिक्षक ठेवण्यावर खर्च होते. लॉकच्या तासाला एक शिक्षक फक्त हात पाहत फिरतो. मुलींची बॅच वेगळी आहे आणि तिथे शिक्षिका आहेत. लहान मुलांना लॉक नाहीत. त्यांना पडणं, लोळणं आणि सोपे थ्रो एवढंच, आणि त्यातच ती रमतात.

येताना नखं कापलेली असावीत. कडं, करदोटा, कानातलं घरी ठेवा. जुनी दुखापत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका.

सोयाबीनची सोंगणी आटोपली की नवीन बॅच सुरू होते. पहिला आठवडा विनाशुल्क. पालकांनी एकदा लॉकच्या तासाला मॅटच्या कडेला बसून पाहावं, मग फी भरावी.