ओझं उचलायला ट्रॅक्टर केवढा हवा?

ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, 'किती एचपीचा?' नांगरट, रोटाव्हेटर, उसाची ट्रॉली ओढणं या कामांसाठी तो प्रश्न रास्त आहे. पण सोलापूर जिल्ह्यात वस्तीवरचा ट्रॅक्टर वर्षभर इतरही बरंच काही करतो. उकिरड्यातलं शेणखत भरतो, गोठ्यापुढे मुरूम टाकतो, मुरघासाच्या बॅगा हलवतो, कुंपणाचे खड्डे पाडतो, फवारणीची भरलेली टाकी पाठीवर घेऊन डाळिंबाच्या ओळींतून फिरतो. ही उचलण्याची कामं आहेत, आणि त्यांच्यासाठी एचपीचा आकडा फारसं काही सांगत नाही.

का, ते साध्या हिशोबात दिसतं. एक एचपी म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर नेण्याची ताकद. ५०० किलोचं ओझं पाच सेकंदांत अडीच मीटर वर न्यायचं, तर सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ५०० गुणिले अर्धा, २५० किलो-मीटर दर सेकंदाला. ७५ ने भागलं की साडेतीन एचपीसुद्धा भरत नाही. पंप, पाइप, सिलिंडर यांत वाया जाणारी ताकद धरली तरी पाच-सहा एचपीत काम उरकतं. २० एचपीच्या इंजिनालाही हे जड नाही. अडचण येते ती इंजिनापलीकडे: हायड्रोलिकचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा) दाब, मागे अवजार उचलणाऱ्या लिफ्टचे हात, पुढचा एक्सल, टायर आणि सगळ्यांत आधी ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन.

हायड्रोलिकमध्ये दोन आकडे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. दाब ठरवतो किती उचलेल, आणि पंपाचा मिनिटाला लिटरमधला प्रवाह ठरवतो किती लवकर उचलेल. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला १५० किलो असला, तर दांडा साडेसात टन जोरानं ढकलतो. मग लिफ्ट दीड टनच का उचलते? कारण दांडा थोडासा सरकतो आणि लिफ्टच्या हातांची टोकं त्याच्या कित्येक पट अंतर वर जातात. अंतर जितक्या पट वाढतं, जोर तितक्या पट घटतो. म्हणूनच अॅक्सिलरेटर वाढवून ओझं उचलत नसेल, तर आणखी वाढवून उपयोग नसतो. पंप जास्त तेल ढकलतो, पण रिलीफ व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो आणि ते तेल टाकीत परत जातं. तो व्हॉल्व्ह आवळून दाब वाढवण्याचा जुगाड करू नये. पंपाची सील आणि पाइप त्याच दाबासाठी बनवलेले असतात.

माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता लिहिलेली असते: १५०० किलो, १८०० किलो. हा आकडा बहुतेक वेळा लिफ्टच्या खालच्या हातांच्या टोकाशी मोजलेला असतो. प्रत्यक्षात ओझ्याचा गुरुत्वमध्य टोकाच्या मागे असतो. म्हणून चाचणीत दुसरंही एक मोजमाप घेतात, टोकापासून ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट मागे, आणि तिथे आकडा सहसा कमी भरतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्र सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते आणि तिचे अहवाल प्रसिद्ध होतात. विक्रेत्याकडे आपल्या मॉडेलचा तो अहवाल मागावा. लिफ्टची क्षमता, पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वेगवेगळं वजन, दोन एक्सलमधलं अंतर असं या लेखात लागणारं सगळं त्यात मिळतं.

आता मुद्द्याचा हिशोब. साधारण ४५ एचपीचा ट्रॅक्टर घ्या. वजन २००० किलो, त्यातलं ८०० पुढच्या चाकांवर आणि १२०० मागच्या. दोन्ही एक्सलमध्ये अंतर दोन मीटर. मुरघासाची एक टनाची बॅग हलवायची म्हणून मागे लांब दांडा लावला आणि बॅग मागच्या एक्सलपासून दोन मीटरवर टांगली. तराजूचा काटा झाला मागचा एक्सल. मागे १००० किलो गुणिले दोन मीटर, म्हणजे २०००. तेवढंच पेलायला पुढच्या चाकांवरून १००० किलो उतरायला हवेत, आणि तिथे आहेत फक्त ८००. ट्रॅक्टर पुढून उभा राहणार. माहितीपत्रकात लिफ्ट १५०० किलोची लिहिली असली तरीही. त्याच दांड्यावर ५०० किलोची बॅग टांगली तर पुढे ३०० किलो उरतात. चाकं जमिनीला टेकलेली दिसतात, पण एकूण २५०० किलोंपैकी स्टिअरिंगच्या चाकांवर फक्त १२ टक्के वजन राहतं. ट्रॅक्टर वळवला तरी तो सरळच घसरत जातो. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के राहिलेच पाहिजेत, हा नियम लक्षात ठेवावा.

डाळिंबाच्या बागेत हीच चूक लहान मापात होते आणि ती ओझ्याची चूक आहे हे चटकन ध्यानात येत नाही. १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर, वजन ८०० किलो, पुढे त्यातले ३२०, एक्सलमधलं अंतर दीड मीटर. मागे लिफ्टवर फवारणीचा ब्लोअर, भरलेल्या टाकीसह ३०० किलो, एक्सलपासून एक मीटरवर. ३०० भागिले दीड, म्हणजे पुढून २०० किलो उतरले. उरले १२०, एकूण ११०० च्या ११ टक्के. ओळीच्या टोकाला बांधावर वळताना पुढची चाकं उड्या मारतात ती यामुळे. पुढच्या बंपरला, एक्सलच्या अर्धा मीटर पुढे, ८० किलोची वजनं टांगली की पुढे २२७ किलो होतात आणि ट्रॅक्टर १९ टक्क्यांवर, म्हणजे कसाबसा चालण्याजोग्या स्थितीत येतो. त्याहून मोठी टाकी हवी असेल, तर स्वतःच्या चाकांवर मागे ओढला जाणारा ब्लोअर घ्यावा. अर्धी भरलेली टाकी आणखी फसवी, कारण पाणी चढावर मागे आणि वळणावर बाजूला पळतं.

पुढचा लोडर, म्हणजे पुढे बकेट उचलणारी चौकट, बसवायचा असेल, तर तराजूचा काटा पुढच्या एक्सलवर येतो आणि सगळं उलटं होतं. तेच २००० किलोचं यंत्र, त्यावर ४०० किलोचा लोडर, बकेटमध्ये चढीव भरलेली ओली काळी माती ५०० किलो, पुढच्या एक्सलपासून दीड मीटर पुढे. ७५० भागिले दोन, म्हणजे मागून ३७५ किलो उचलले गेले. लोडरचा भार पुढच्या एक्सलवर धरला, तर पुढे २०७५ किलो होतात आणि मागे ८२५ उरतात. जो एक्सल ८०० किलो पेलत होता त्याच्यावर अडीच पटींहून जास्त भार पडला. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल, स्टब एक्सल (चाक बसतं तो आखूड दांडा), बेअरिंग आणि अरुंद टायर नांगरटीसाठी बनलेले असतात. लोडरच्या कामात आधी किंगपिनचे (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचे) बुश झिजतात, मग स्टिअरिंगला खेळ येतो, आणि एखाद्या खड्ड्यात स्टब एक्सल मोडतो. काळ्या रानात तर वाफसा येण्याआधी ही चाकं रुततात. भिजलेली काळी माती फुगते आणि तिची भार पेलण्याची ताकद पार घटते.

यावर उपाय म्हणजे मागचं वजन, आणि ते कुठे ठेवता याला महत्त्व आहे. मागच्या लिफ्टवर ४०० किलोचा काँक्रीटचा ठोकळा, एक्सलच्या एक मीटर मागे, टांगला की मागे ८२५ चे १४२५ किलो होतात आणि पुढचे २०७५ उतरून १८७५ वर येतात. ४०० किलोंनी मागे ६०० ची भर घातली आणि पुढून २०० काढून घेतले. चाकांत पाणी भरणंही चांगलं: १३.६-२८ मापाच्या टायरमध्ये पाऊण उंचीपर्यंत पावणेदोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. भरताना व्हॉल्व्ह अगदी वर आणायचा, म्हणजे पाणी त्या पातळीवर आपोआप थांबतं आणि उरलेली हवा उशीचं काम करते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. सोलापुरात त्याची गरज नाही, साधं पाणी पुरतं. पण चाकातलं पाणी मागच्या एक्सलवरच बसतं. ते पुढचा भार हलका करत नाही. म्हणून लोडरला ठोकळा हवाच.

ब्रेकचंही हेच. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. मागची चाकं हलकी झाली की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर थांबत नाही, चाकं नुसती घसरतात. भरलेलं बकेट घेऊन उतार उतरायचा असेल, तर रिव्हर्समध्ये, बकेट चढाच्या बाजूला ठेवून उतरावं. आणि चालताना बकेट जमिनीपासून फूट-दीड फुटावर. वरच्या हिशोबातला ट्रॅक्टर आणि लोडर मिळून गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर धरला, तर ५०० किलो खाली असताना तो जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतो. बकेट अडीच मीटर वर नेलं की साडेतीन फुटांच्या वर जातो. पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर झुलतो. त्यामुळे आडव्या उतारावर तो कलंडणं लगेच रोखत नाही. चालकाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बकेटच्या मापाआधी मालाचं वजन बघा. एक ब्रास मुरूम म्हणजे १०० घनफूट, वजनाला साडेचार टनांच्या घरात. घनफुटाला ४५ किलो धरलं तर ९ घनफुटांच्या बकेटमध्ये ४०० किलो, आणि ब्राससाठी अकरा-बारा खेपा. त्याच बकेटमध्ये अर्धवट सुकलेलं शेणखत निम्म्याच्या आसपास भरतं. काळा दगड मात्र घनफुटाला ८० किलोंपर्यंत जातो. शेणखतासाठी घेतलेलं मोठं बकेट दगडांनी भरलं की सगळे हिशोब कोलमडतात.

लोडरची चौकट कुठे बांधली आहे हे डोळ्यांनी तपासा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडून तोच कणा होतो. लोडर फक्त पुढच्या भागाला आणि क्लच हाउसिंगला आवळला, तर प्रत्येक धक्का त्या जोडावर येतो आणि बिडाच्या हाउसिंगला तडा जातो. चौकटीची पट्टी मागच्या एक्सलपर्यंत गेलेली हवी. पॉवर स्टिअरिंगशिवाय लोडर लावूच नये.

कुंपणाच्या खड्ड्यांबाबत एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ट्रॅक्टरची मागची लिफ्ट वर उचलते, खाली दाबत नाही. खाली येतं ते अवजाराच्या वजनानं. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या रानात पोस्ट होल डिगर नुसता घासत राहतो आणि पाती तापून बोथट होतात. जास्त एचपीचा ट्रॅक्टर आणून त्यात फरक पडत नाही. पहिल्या पावसानंतर वाफसा आला की तेच यंत्र भराभर खड्डे पाडतं. वेडी बाभूळ उपटताना साखळी मागच्या एक्सलच्या खाली, ड्रॉबारलाच (ओढण्यासाठीच्या खालच्या पट्टीला) अडकवायची. टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या मधल्या दांड्याच्या) जागी बांधली आणि खोड हललं नाही, तर चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच एक्सलभोवती मागे उलटतो. एक-दीड सेकंदाचा खेळ. क्लचवर पाय जाईपर्यंत संपलेला असतो.

मग घ्यायचा कोणता? बाग मुख्य असेल आणि पाठीवर दोन-अडीचशे किलोंचंच ओझं असेल, तर २५ ते ३० एचपीचा, टनभराहून थोडा जड, फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर १८ एचपीच्या मिनीपेक्षा कितीतरी निर्धोक. पंधरा-वीस जनावरांचा गोठा, मुरघास आणि रोजचं शेणखत असेल, तर लोडरसह ४५ ते ५५ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह, कारण त्याचा पुढचा एक्सल भरीव आणि टायर मोठे असतात. टू व्हील ड्राइव्हच घ्यायचा असेल, तर पुढचा लोडर विसरावा आणि मागच्या लिफ्टवर बसणाऱ्या पाटीवर काम भागवावं. विहिरीतला गाळ, दगडी बांध, शेततळं यासाठी यारी किंवा जेसीबी भाड्यानं आणावा. वर्षातल्या चार दिवसांसाठी ट्रॅक्टरचं माप वाढवणं महाग पडतं. अवजार घेताना पिनाही जुळवून घ्या: लहान ट्रॅक्टरच्या लिफ्टला २२ मिलिमीटरची पिन लागते, मोठ्याला २८ ची. २८ च्या छिद्रात बुश न घालता २२ ची पिन चालवली की ती वाकते.

जुना ट्रॅक्टर पाहायला जाल तेव्हा अवजार पूर्ण उचलून इंजिन बंद करायला सांगा आणि जमिनीपासूनचं अंतर मोजून ठेवा. पंधरा मिनिटांनी ते डोळ्यांना दिसण्याइतकं कमी झालं असेल, तर पिस्टनचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतो आहे. ही परीक्षा सकाळच्या गारव्यात घेऊ नका, तासभर काम करून तेल तापल्यावर घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असतो, तेल पातळ होतं, आणि थंड असताना लपलेली गळती तेव्हाच उघडी पडते. इंजिन बंद असो वा चालू, उचललेल्या अवजाराखाली वाकून कुणी पाहू नये.

आणि घरी असलेल्या ट्रॅक्टरचा हिशोब जुळतो का हे पाहायला जवळचा वजनकाटा पुरतो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवा आणि आकडा लिहा. मग पूर्ण ट्रॅक्टर घ्या. त्यानंतर नेहमीचं अवजार, टाकी भरलेली असेल तर भरलेलीच, लिफ्टवर पूर्ण उचलून दोन्ही वजनं पुन्हा घ्या. काट्याच्या आतली आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, नाहीतर आकडा चुकतो. चौथ्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा तिसरा आकडा कमी भरला, तर पुढे वजनं टांगल्याशिवाय त्या अवजारासह रस्त्यावर जाऊ नका.