पार्श्वभूमी : गावच्या वाचनालयात कादंबरी सुचवतं कोण?

मार्च जवळ आला की विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या वाचनालयांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. अनुदानातून रहस्यकथा, प्रेमकथा, जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या घ्यायच्या की नाही? आणि घेतल्याच, तर ग्रंथपालाने त्या आपणहून वाचकाच्या हाती द्यायच्या, की मागितल्यावरच कपाटातून काढायच्या? वाद वाचकांच्या आवडीनिवडीचा वाटतो, पण त्याची मुळं अनुदानाच्या पद्धतीत आहेत. ती पद्धत कशी घडली ते न पाहता ग्रंथपालाला दोष देणं किंवा वाचकाला नावं ठेवणं बरोबर नाही.

फार मागे जायचं तर गावात पुस्तक वाचलं जात नसे, ऐकलं जाई. श्रावणात देवळात पोथी लागायची. इंग्रजी अमदानीत अमरावती, अकोला, नागपूर अशा शहरांत वाचनालयं निघाली, ती मुख्यतः वकील, शिक्षक आणि सरकारी नोकरांची. खेड्यापर्यंत पुस्तकं नेण्याचा मोठा प्रयोग बडोदा संस्थानाने १९१० पासून केला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. मुंबई इलाख्यात १९३९ साली ग्रंथालयांच्या वाढीसाठी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवर १९४७ पासून टप्प्याटप्प्याने काम झालं. वऱ्हाड आणि नागपूरकडचे जिल्हे तेव्हा मध्यप्रांतात होते, त्यामुळे त्या योजनेचं पाणी इकडे आलं नाही. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा-तालुका वाचनालयांची साखळी उभी राहायला लागून काही वर्षं झाली होती. हा उशीर पुढे बराच भोवला.

खरी सुरुवात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापासून धरायला हवी. १९६८ मध्ये तो अमलात आला, १९७० मध्ये अनुदानाचे नियम झाले. वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरली: अ सर्वांत वरचा, ड सर्वांत खालचा, आणि वर्ग जितका वरचा तितकं अनुदान जास्त. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. या कायद्यात ग्रंथालय कर नाही. मद्रासने १९४८ च्या कायद्यात असा कर ठेवला होता, महाराष्ट्राने ठेवला नाही. इथलं ग्रंथालय गावातल्या संस्थेने काढायचं, चालवायचं आणि सरकारने अनुदान द्यायचं. त्यामुळे वाचनालय खऱ्या अर्थाने गावाचं राहिलं, पुस्तकांची निवडही गावाच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. पण वर्ग ठरू लागला तो पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती यांवरून. कोणतं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं याला वर्ग ठरवताना फारसं वजन मिळालं नाही.

त्याच काळात मराठीत लोकप्रिय कादंबरीला भरती आली होती. रहस्यकथांच्या छोट्या पुस्तिका एसटी स्टँडवर मिळत, तालुक्याच्या गावी किराण्याच्या दुकानातसुद्धा त्या भाड्याने मिळत. शिवकालावरच्या आणि महाभारतावरच्या मोठ्या कादंबऱ्या साठच्या दशकात आल्या आणि त्या घरात एकाने आणल्या की सगळ्यांनी वाचल्या. वऱ्हाडी बोलीतल्या ‘धग’सारख्या कादंबरीने १९६० साली इथल्या शिंप्याच्या घरातली बाई मराठीत आणली. तिची वाखाणणी भरपूर झाली. वाचनालयांनी मात्र रहस्यकथा एका बाजूला आणि ‘धग’ दुसऱ्या बाजूला अशा दोन रांगा लावल्या. एक मागणीची, एक मानाची. ही विभागणी कोणत्याही नियमात नव्हती, ती मंडळांच्या मनात होती.

प्रेमकथांबद्दलची धास्ती त्याहून मोठी. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दिलेली शिक्षा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. लैंगिक उल्लेख आला एवढ्यावरूनच कादंबरी किशोरांना अयोग्य ठरवायची, तर त्यांना निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील, अशा अर्थाचं विधान त्या निकालात आहे. गावच्या वाचनालयांत खटल्याची बातमी पोचली, निकालाची पोचली नाही. पुढची कित्येक वर्षं अशी पुस्तकं कुलपाच्या कपाटात राहिली आणि ती कोणाला द्यायची हे ग्रंथपालाच्या मर्जीवर राहिलं.

इथे ग्रंथपालाचं काम नेमकं कसं चाले ते जवळून पाहायला हवं. लोकप्रिय कादंबरी हातोहात फिरते, चारसहा महिन्यांत खिळखिळी होते. मग ती बाइंडिंगला जाते. परत येते ती जाड पुठ्ठ्यात, पाठीवर पांढऱ्या रंगाने दाखल क्रमांक आणि अर्धंमुर्धं नाव. मुखपृष्ठ गेलं, मलपृष्ठावरचा मजकूर गेला. कपाटात अशी तीसचाळीस पुस्तकं एकसारखी उभी राहिली की वाचकाला त्यातून निवड करणं अशक्य. तो विचारणारच, “काहून जी, मागच्या बारीसारखं दुसरं हाये का?” ग्रंथपाल पुस्तक काढतो, आतली तारीखपट्टी, म्हणजे देवघेवीच्या तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी, उघडून दाखवतो. पट्टीवर शिक्क्यांची गर्दी असली की तीच शिफारस. शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांनी लिहिलेलं असतं: छान आहे, शेवट पटला नाही, भाग दोन कुठे मिळेल. काहीजण एखाद्या ठरलेल्या पानावर आपली बारीक खूण करून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी जाऊ नये. नियमाने हे पुस्तक खराब करणंच. पण गावातल्या वाचनाचा याहून खरा दस्तऐवज मला तरी माहीत नाही.

बायकांचं वेगळं. वाचनालय ग्रामपंचायतीच्या खोलीत नाहीतर चावडीजवळ, जिथे पुरुषांचा राबता. सून तिथे कशी यावी? पुस्तक शाळकरी मुलाच्या हाती येतं आणि त्याच्याच हाती दुसरं जातं, कधी सोबत चिठ्ठी: रडवणारी नको. ग्रंथपालाने या वाचकाला कधी पाहिलेलंच नसतं. पुस्तक दोन दिवसांत परत आलं की आवडलं, पंधरा दिवस राहिलं की कामाचे दिवस आहेत किंवा पुस्तक कंटाळवाणं. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू झाली की देवघेव ओसरते, चैत्र-वैशाखात पुन्हा वाढते. हे सगळं डोक्यात ठेवून जो पुस्तक देतो, त्याला वाचक सांभाळणारा माणूस म्हणायला हवं. त्याच्या या कामासाठी कोणत्याही रजिस्टरात रकाना नव्हता.

आता वादाचा गाभा, म्हणजे शासनमान्य ग्रंथांची यादी. पद्धत थोडक्यात अशी: प्रकाशकांनी पुस्तकं सादर करायची, निवड समितीने ती पाहायची, मान्य झालेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध व्हायची आणि ग्रंथालयांनी खरेदी करताना तिच्याकडे पाहायचं. हेतू वाईट नव्हता. ज्या गावात पुस्तकाचं दुकानच नाही तिथल्या मंडळाला काय घ्यावं हे कळावं आणि सार्वजनिक पैसा फालतू पुस्तकांवर जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

यादीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की ती नसती तर खरेदी पूर्णपणे विक्रेत्याच्या हातात गेली असती. यात तथ्य आहे. अनुदानाचा पैसा पुष्कळदा वर्षअखेरीस हाती येतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकावा लागतो. अशा वेळी जो विक्रेता सर्वांत जास्त सवलत देतो त्याच्याकडून गठ्ठा उचलला जातो. ज्या कादंबरीला बाजारात मागणी आहे तिच्यावर प्रकाशक मोठी सवलत देत नाही, त्याला गरजच नसते. ज्या पुस्तकाची छापील किंमत मुळातच फुगवलेली आहे त्यावर निम्मी किंमत सोडायला त्याचं काही जात नाही. परिणामी त्याच पैशात वाचकांनी मागितलेल्या चार कादंबऱ्या येतात किंवा कोणी न मागितलेली दहा पुस्तकं येतात. वर्ग टिकवायला संख्या लागते. मंडळ दहा पुस्तकं घेतं. यात कोणा एकाचा लबाडपणा शोधून उपयोग नाही. संख्येवर वर्ग आणि वर्षअखेरीला पैसा, या दोन गोष्टी एकत्र आल्या की असंच होणार.

यादीमुळे हे थांबलं का? थांबलं नाही, कारण यादीतही अशी पुस्तकं शिरतात. आणि दुसरी अडचण वेळेची. पुस्तक निघणार, समितीपुढे जाणार, यादीत येणार, मग अनुदान येणार. तोवर ज्या कादंबरीबद्दल सगळीकडे बोललं जात होतं तिचा भर ओसरलेला असतो. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. हळूहळू यादी हीच शिफारस समजली जाऊ लागली. तपासणीच्या वेळी यादीतलं पुस्तक दाखवणं सोयीचं, वाचकाने चिठ्ठीवर मागितलेलं दाखवणं अवघड. मागणी नोंदवही असते, पण ती भरायची सवय सुटली, कारण तिच्यात लिहिलेलं पुस्तक येत नाही हे वाचकाला एकदोन वर्षांतच कळतं. पैसा वाया जाऊ नये यासाठी यादी असावी. कारंज्याच्या किंवा सिरोंच्याच्या वाचकाने आज रात्री काय वाचावं हे तिने सांगू नये, तेवढं तिला माहीत असूच शकत नाही.

यावर ‘मग वाचनालयाने रुची घडवायचीच नाही का?’ असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न जुना आहे आणि इथलाच नाही. बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १८५२ च्या अहवालात लोकप्रिय पुस्तकांच्या जास्त प्रती ठेवाव्यात, म्हणजे लोकांना वाचनाची सवय लागेल, असं मांडलं होतं. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत वाचकाला पुस्तकं सुचवणारे खास सल्लागार नेमले गेले, पण त्यांचा रोख प्रौढांनी ज्ञान मिळवावं यावर होता. कादंबरीला तिथल्या सल्ल्यात सन्मानाची जागा मिळायला १९८० चं दशक उजाडलं. आपल्याकडे १९३१ साली मद्रासहून ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली गेली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन. ग्रंथपालाच्या प्रत्येक प्रशिक्षण वर्गात ती पाठ करून घेतात. त्यात चांगल्या वाचकाला किंवा चांगल्या पुस्तकाला, असं कुठे म्हटलेलं नाही.

२०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली. कागदावरची वाचनालयं उघडी पडली, हे चांगलं झालं. पण त्यानंतर नव्या मान्यता आणि वर्गवाढ अनेक वर्षं थांबल्या. खरोखर चालणारी ड वर्गाची वाचनालयं ड वर्गातच राहिली. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. ड वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, जागेची डागडुजी, सगळं यातच. त्या हिशेबाने महिन्याला चार हजार रुपये. एवढ्यात ग्रंथपालाने नव्या कादंबऱ्या वाचून, वाचक ओळखून सल्ला द्यावा ही अपेक्षा आपण ठेवतो आणि पुष्कळ ठिकाणी तो देतोही.

गेल्या काही वर्षांत चित्र आणखी बदललं. पोलीस भरती, तलाठी भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी वाचनालयांत अभ्यासिका झाल्या. ही गावाची खरी गरज आहे आणि मुलं दिवसभर बसतात म्हणून वाचनालय उघडं तरी राहतं. पण जागा तेवढीच, त्यामुळे टेबलं पुढे आली आणि कादंबऱ्यांची कपाटं मागच्या भिंतीला गेली. खरेदीतही मार्गदर्शक पुस्तकांचा वाटा वाढला. २०१५ पासून १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी टेबलावर चरित्रं मांडतात, कादंबऱ्या क्वचितच.

दुसरीकडे मोबाइलवर भागाभागांनी येणाऱ्या मराठी कथा बायका आणि कॉलेजच्या मुली मोठ्या संख्येने वाचू लागल्या. मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवण्याची गरज राहिली नाही. त्यातल्या काहीजणी आता स्वतः वाचनालयात येतात आणि मोबाइलवर वाचलेल्या गोष्टीसारखी छापील कादंबरी मागतात. ‘बारोमास’सारखी इथल्या शेतकऱ्याच्या घरातली कादंबरी, जिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, अशा वाचकाच्या हाती द्यायची हीच वेळ असते: दोन प्रेमकथांनंतर, तिच्याच गावच्या भाषेतलं काही म्हणून. प्रेमकथा कपाटात नसतील तर ती दुसऱ्यांदा येणार नाही आणि ‘बारोमास’ तिच्यापर्यंत पोचणार नाही.

काही तालुक्यांत ग्रंथपालांनी आपसात व्हॉट्सॲप गट केले आहेत. कोणती कादंबरी जास्त फिरते ते एकमेकांना कळवतात आणि जास्तीची प्रत शेजारच्या गावाला महिनाभर देतात. यासाठी कोणतंही परिपत्रक नाही, अनुदानही नाही. दाखल रजिस्टरात पुस्तक एका गावचं आणि हातात दुसऱ्या गावच्या वाचकाच्या, म्हणून तपासणीच्या आठवड्यात ती सगळी पुस्तकं आधी परत मागवावी लागतात.