विसावलेलं पिल्लू आणि अडकलेलं पिल्लू: बाहेरून सारखीच दिसतात

बदकाच्या अंड्याला टोच पडते. जाड टोकाकडचं कवच वाटाण्याएवढं उचललं जातं, आत चोच हलताना दिसते, बारीक आवाजही येतो. मग बारा तास जातात, अठरा जातात आणि पुढे काहीच घडत नाही. भोक आहे तेवढंच राहतं आणि पिल्लू गप्प होतं. काचेतून पाहणाऱ्याचा जीव वरखाली होऊ लागतो आणि हात इन्क्युबेटरच्या झाकणाकडे जातो.

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात. एक पिल्लू विसावलेलं असतं, दुसरं अडकलेलं. पहिल्याला मदत केली तर ते रक्तस्रावाने मरू शकतं. दुसऱ्याला केली नाही तर ते थकून मरतं. माझी पहिली दोन पिल्लं मी पहिल्या प्रकारे गमावली, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

विसावलेलं पिल्लू खरं तर विसावलेलं नसतंच, त्याचं काम आत चालू असतं. अंड्यातला बहुतेक काळ ते फुप्फुसांनी श्वास घेत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू त्यांतून मिळतो. शेवटच्या दिवसांत पिल्लू चोच आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. त्या पोकळीतला प्राणवायू कमी होऊन कार्बन डायऑक्साइड वाढला की मानेचा स्नायू झटके देऊ लागतो आणि चोचीवरच्या टणक उंचवट्याने कवच फुटतं. आपल्याला दिसते ती टोच हीच. त्यानंतर जाळ्यातलं रक्त हळूहळू शरीरात परतायचं असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जायचा असतो. कोंबडीच्या पिल्लाचं हे बहुतेक वेळा दिवसभरात उरकतं, बदकाला मात्र टोच पडल्यापासून 24 ते 48 तास सहज लागतात. कोंबडीची अंडी उबवून बदकांकडे वळलेली माणसं घाई करतात ती यामुळेच.

अडकलेल्या पिल्लाचं आतलं काम पुरं झालेलं असतं, पण त्याला वळता येत नाही. बाहेर पडायचं तर पिल्लाला अंड्यात गोल फिरत कवच कडेकडेने कापत जावं लागतं. टोच पडल्यावर इन्क्युबेटरमधला दमटपणा घसरला, विशेषतः झाकण पुन्हा पुन्हा उघडल्यामुळे, तर आतला पापुद्रा सुकतो आणि पिसांना घट्ट चिकटतो. एक दुसराही प्रकार आहे. पूर्ण उबवणीत दमटपणा जास्तच राहिला तर अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही आणि पिल्लू चिकट द्रवात लडबडून राहतं. तो वेगळाच त्रास आहे, त्यावर पुढे सांगितलेल्या तेल-पाण्याचा उपयोग नाही.

मग ओळखायचं कसं? घड्याळ एकटं पुरत नाही. भोकाच्या कडेचा पापुद्रा पाहा. पांढरा आणि ओलसर असेल तर थांबा. पिवळट-तपकिरी, कागदासारखा कोरडा, ताणलेला दिसत असेल आणि पिसं त्याला चिकटलेली असतील तर शंका घ्या. चोचीची हालचालही सांगते. जांभई दिल्यासारखं किंवा काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलत असेल तर बलक अजून आत घेतला जात असावा. अशा वेळी हात लावू नये. माझ्या मते सगळ्यात खात्रीची खूण वेगळी आहे: कवच कडेने कापायला सुरुवात झाली आणि मध्येच थांबली. सुरुवातीच्या टोचेनंतरची लांब शांतता स्वाभाविक असते, पण कापणं सुरू झालं की ते साधारण काही तासांत संपतं. अर्धा फेरा होऊन कित्येक तास तसंच राहिलं तर ते पिल्लू अडकलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

टोच निमुळत्या टोकाकडे पडली असेल तर मात्र आणखी सावध राहा. तिथे हवेची पोकळी नसते आणि रक्तवाहिन्या बराच वेळ भरलेल्या राहतात. हे पिल्लू अडचणीत असू शकतं, तरी त्याला जास्तच वेळ द्यावा लागतो. श्वासापुरतं भोक मोकळं ठेवा, त्यापुढे जाऊ नका.

शंका पक्की झाली की तपासणी करायची, तीही पापुद्र्यावरच. टॉर्चच्या उजेडात हवेच्या पोकळीची कड पेन्सिलने आखून घ्या. त्या रेषेच्या वरचं कवच सुरक्षित असतं, तिथून थोडं काढा. मग कापसाच्या काडीने पापुद्र्याला कोमट पाणी किंवा थोडंसं खोबरेल तेल लावा, नाकपुड्यांपासून दूर. पापुद्रा पारदर्शक होतो आणि खालचं सगळं दिसतं. लाल, भरलेल्या वाहिन्या दिसल्या तर अंडं लगेच परत ठेवा, दमटपणा वाढवा आणि पाच-सहा तासांनी पुन्हा पाहा. वाहिन्या फिकट, रिकाम्या दिसल्या तरच पुढे जायचं.

पुढे जायचं म्हणजे सोलायचं नाही. पिल्लू स्वतः कापेल त्याच रेषेने कवचाचे कण काढत जायचे, पापुद्रा भिजवून हळूच मागे सारायचा, आणि रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी तिथेच थांबून स्वच्छ बोटाने अलगद दाबून धरायचं. डोकं मोकळं झालं की माझा हात थांबतो. खालचा अर्धा भाग पिल्लाकडेच राहू द्यायचा, कारण बेंबी तिथे असते आणि बलक पूर्ण गेला की नाही ते वरून कळत नाही. इन्क्युबेटरमध्ये ओल्या, कोमट टिश्यूवर ठेवलं की बहुतेक पिल्लं स्वतःच पायांनी ते टरफल ढकलून देतात. बेंबीला दोरा लोंबत असेल तर ओढू किंवा कापू नका, तो सुकून पडतो. पाजण्याचीही घाई नको, पोटातला बलक त्याला पहिले दोन दिवस तरी पुरतो.