प्लास्टिकमुळे लस वाया जाते का?

‘प्लास्टिकमधली रसायनं अंगात गेली की लस वाया जाते’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. लस वाया जात नाही. पण अँटिबॉडी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, कमी तयार होऊ शकतात. पुरावा मुख्यतः पीएफएएसचा, म्हणजे तेल-पाणी न चिकटू देणाऱ्या लेपांमधल्या रसायनांचा. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या २०१२च्या अभ्यासात मुलांच्या रक्तात पाचव्या वर्षी ती दुप्पट असली, तर सातव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाच्या अँटिबॉडी साधारण निम्म्या दिसल्या. हा संबंध झाला, कार्यकारण नव्हे. अँटिबॉडी ०.१ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटरखाली गेल्या, तर डॉक्टर बूस्टर, म्हणजे लसीचा वाढीव डोस, सुचवू शकतात. डोस टाळणं हा तर उलटाच उपाय! पिण्याच्या पाण्यात पीएफएएस असेल, तर उकळूनही ते जात नाही, आटलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच. आरओ किंवा सक्रिय कोळशाचा फिल्टर ते कमी करतो, पण कोळसा वेळेवर बदलला तरच.