तलाव उतरतो तेव्हा

तलाव काठोकाठ भरला, सलंगावरून, म्हणजे जादा पाण्याच्या सांडव्यावरून, पाणी जायला लागलं, की पूर्व विदर्भातलं धानाचं गाव निश्चिंत होतं. पक्ष्यांचं गणित वेगळं आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या छोट्या टिलव्याला भरलेल्या तलावाचा काडीचा उपयोग नाही. जेमतेम २०-२५ ग्रॅमचा हा पक्षी, पाय बोटाच्या दोन पेरांएवढे. त्याला हवा असतो ओला चिखल आणि त्यावर नखभर पाणी. ठिपकेवाली तुतारी त्याच्यापेक्षा थोडी आत उतरते. शेकाट्या आपल्या वीतभर पायांवर आणखी पुढे जातो. चक्रांग बदक डोकं बुडवून तळ गाठतं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते शेपटी आभाळाकडे करून त्याच्याही खालचं खातं. काठावर एकच गर्दी दिसली, तरी आत खोलीप्रमाणे पंगती पडलेल्या असतात. बुडी मारणारी लालसरी सोडली, तर या सगळ्यांचा कारभार माणसाच्या गुडघ्याच्या आत आटोपतो.

इतक्या कमी पाण्यात खायला एवढं येतं कुठून? ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून शेवाळ आणि पाणवनस्पती भराभर वाढतात, मरतात आणि तळाशी कुजतात. या कुजक्या थरावर न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या पोसल्या जातात. गाळात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन जवळजवळ संपतो, पण या अळ्या तिथंही तग धरतात, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं. कीटकांमध्ये ही दुर्मीळ गोष्ट. काठाचा मूठभर गाळ बशीत घेऊन पाण्यानं हळूहळू धुतला, तर लाल दोऱ्यासारखं काहीतरी वळवळताना दिसतं, ते हेच.

ते बाहेर काढायची सगळ्यात देखणी युक्ती पाणलाव्याकडे आहे. धान कापून झाल्यावर ओल राहिलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांधबंद तुकड्यात, तो बसलेला असतो, आणि पाय पडायच्या बेतात आला की वेडावाकडा उडून जातो. त्याची चोच डोक्याच्या जवळपास दुप्पट लांब. चोचीच्या टोकाशी बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब आणि कंपन ओळखणारी चेतातंतूंची टोकं. डोळ्यांना काही दिसत नसतानाही गाळातली हालचाल त्याला चोचीनं कळते. मग बाकीची चोच मिटलेलीच ठेवून तो वरच्या चोचीचं फक्त टोक उचलतो, अळी पकडतो, आणि भक्ष्य लहान असेल तर चोच बाहेर न काढता तिथंच गिळतो. गाळ मऊ असेपर्यंतच हे जमतं. तो वाळून कडक झाला की खाली अळ्या असल्या तरी त्याच्यासाठी ताट बंद.

समुद्रकिनाऱ्यावर गाळ मऊ ठेवायचं काम भरती-ओहोटी करते. रोज साधारण दोनदा पाणी सरतं, चिखल उघडा पडतो, आणि सुकायच्या आत पुन्हा झाकला जातो. म्हणूनच लांब पल्ल्याचे कितीतरी चिखलपक्षी उथळ किनाऱ्यांवर विसंबून असतात. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला गेलं: सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठंही न उतरता. निघण्याआधी हे पक्षी चरबी साठवून जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात. परतीच्या वाटेवर त्यांच्यातले बहुतेक चीन आणि कोरियामधल्या पीत समुद्राच्या चिखलकाठांवर थांबतात. दक्षिण कोरियानं २००६ मध्ये सेमांगम इथं ३३ किलोमीटरची भिंत घालून खाडी बंद केली. तिथं थांबणारे ‘ग्रेट नॉट’ जातीचे पक्षी शेजारच्या चिखलाकडे वळतील अशी आशा होती. पुढच्या मोजण्यांत ते तिथं दिसले नाहीत आणि ऑस्ट्रेलियातली त्यांची संख्याही घटली. आपल्या राज्यात ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. त्याआधी, २०२० मध्ये, विदर्भातल्या लोणार सरोवराला मिळाला होता. तिथं समुद्र नाही, पाणी मात्र खारं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत भरती-ओहोटी कुठून आणायची? इथं ते काम तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायची मोरी, आणि ऊन मिळून करतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले, आज मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जाणारे सहा-सात हजार तलाव या पट्ट्यात आहेत. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडे आले. या तलावाला पाळ, म्हणजे मातीचा बांध, एकाच अंगाला असते. बाकीच्या बाजूंनी जमीन हळूहळू चढत जाते, आणि पक्ष्यांची सगळी मेख त्या चढात आहे. समजा, २०० मीटर चाललं की जमीन १ मीटर चढते. धानासाठी पाणी सोडून आणि उन्हानं आटून आठवड्यात तलाव ५ सेंटिमीटर उतरला, तर १० मीटर रुंदीचा नवा चिखल उघडा पडतो. असा काठ ३०० मीटर लांब असेल, तर दर आठवड्याला पाऊण एकर ताजं वाढप! किनाऱ्यावर सहा तासांत होणारी ओहोटी इथं नोव्हेंबर ते मार्च चालते, म्हणजे पाहुणे मुक्कामाला असतात नेमके तेच महिने.

आता त्याच तलावाचा काठ जेसीबीनं सरळ उभा कापला तर? पाणी ५ सेंटिमीटर उतरलं की उघडी पडते ५ सेंटिमीटरची भिंत. पाणीसाठा वाढलेला दिसतो, फोटोही छान येतो, पण टिलव्याला पाय टेकायला जागा उरत नाही. गाळ काढूच नये असं माझं म्हणणं नाही. २०१७ पासून चाललेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतला गाळ शेताला चांगलाच असतो आणि पाळीजवळचा साठा गावाला लागतोच. पण खोदाई तिथं, पाळीच्या बाजूला करावी. वरच्या अंगाचा पसरट उतार तसाच ठेवावा. नेमक्या त्याच उतारावर अतिक्रमणाच्या बांध्याही चढतात, हे वेगळं दुखणं. आणि उन्हाळी धानासाठी जानेवारीतच पंप लावून तलाव पार उपसला, तर सगळा चिखल एकदम उघडा पडून वाळतो. पक्षी मार्चची वाट पाहत बसत नाहीत.

आणखी एक दुखणं बेशरम वनस्पतीचं. उथळ काठ मिळाला की ती तिथं रान माजवते, आणि तिच्या जाळीत मोकळ्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्याला वावच नसतो. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बायांनी मासळीसाठी म्हणून ती मुळासकट उपटली, तलावाचा तळ मोकळा केला आणि पावसाच्या तोंडावर तिथं देशी पाणवनस्पती लावल्या. यांतल्या काहींचं बी आणि कंद बदकंही खातात. पण ते तलवार बदकाची मान पोचेल एवढ्याच पाण्याखाली हवेत.