माते चाक: राजाच्याच पदरी वाढलेला प्रतिराजा

आज स्लोव्हाकियात असलेला त्रेन्चिन (हंगेरियनमध्ये त्रेन्चेन) किल्ला वाह नदीच्या काठी एका कड्यावर उभा आहे. त्याच कड्यावर रोमन सैन्याने इ. स. 179 मध्ये कोरलेला शिलालेख अजून वाचता येतो, म्हणजे जागा मोक्याची हे फार जुनं ज्ञान. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला हंगेरियन सरदार माते चाकच्या हाती आला आणि पुढची पंचवीस वर्षं हंगेरीच्या वायव्य भागात राजाचा शब्द चालेनासा झाला.

मातेला नुसता बंडखोर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्याची सत्ता दरबाराबाहेर नव्हे, दरबारातच वाढली. तिचं मूळ 1241-42 च्या मंगोल स्वारीत आहे. त्या स्वारीत देश उजाड झाला, तगले ते मुख्यतः दगडी किल्ले. म्हणून राजा बेला चौथा याने सरदारांना जमिनी दिल्या आणि किल्ले बांधायला लावले. निर्णय चुकीचा नव्हता, पण किल्ला ज्याच्या हाती त्याच्याच हाती भोवतालचा मुलूख, हे दोन पिढ्यांत उघड झालं.

चाक घराण्याला उच्चपदं नवी नव्हती. मातेचा बाप पेतेर आणि चुलता, दोघेही पॅलाटिन होते. पॅलाटिन म्हणजे राजाखालोखालचा अधिकारी आणि न्यायाधीश. राजा आंद्राश तिसऱ्याच्या पदरी माते आधी अश्वदळाचा प्रमुख झाला, मग 1296 मध्ये पॅलाटिन. वर्षभरातच राजाचं आणि त्याचं फाटलं आणि पद काढून घेण्यात आलं. मातेने मात्र ती बिरुदावली सोडली नाही. पुढेही तो स्वतःला पॅलाटिनच म्हणवत राहिला.

14 जानेवारी 1301 रोजी आंद्राश वारला आणि आर्पाद राजवंश संपला. गादीसाठी दोन पोरं पुढे आली: पोपच्या पाठिंब्याचा आंजू घराण्यातला चार्ल्स आणि बोहेमियाचा राजपुत्र वेन्सेस्लास. मातेने अकरा वर्षांच्या वेन्सेस्लासची बाजू घेतली आणि 1302 मध्ये त्याच्याकडून त्रेन्चेन व न्यित्रा हे दोन परगणे पदरात पाडून घेतले. पुढे त्यालाही सोडलं. 1308 मध्ये पोपचा वकील कार्डिनल जेन्तिले स्वतः त्याला भेटायला गेला, तेव्हा कुठे मातेने चार्ल्सला राजा मानलं. इतका मोठा वकील मातेच्या होकारासाठी वाट वाकडी करून जातो, यातच त्याचं वजन दिसतं. ऐन भरात सुमारे चौदा परगणे आणि पन्नासेक किल्ले त्याच्या ताब्यात होते.

तो होकार टिकला नाही. 1311 मध्ये त्याच्या फौजांनी बुडा शहराच्या परिसरात लुटालूट केली आणि जेन्तिलेने त्याला धर्मबहिष्कृत केलं. पुढच्या वर्षी 15 जूनला कॉशा शहराजवळ रोझगोन्यला लढाई झाली. तिथे राजाशी लढत होते आबा या दुसऱ्या बलाढ्य सरदार घराण्यातले लोक आणि मातेने पाठवलेले भाडोत्री भालाईत. हे भालाईत सतराशे होते, असं बखरकार सांगतात. राजाचं निशाण पडलं, आणि त्याला हॉस्पिटलर धर्मयोद्ध्यांच्या निशाणाखाली लढावं लागलं. अखेर कॉशाचे नागरिक आणि सेपेशचे जर्मन वसाहतकरी त्याच्या बाजूने उभे राहिल्यानेच विजय मिळाला. आबांचं कंबरडं मोडलं, मातेचं नाही. 1317 मध्ये विशेग्राद आणि कोमारोम हे किल्ले गेले, तरी त्रेन्चेनला कुणी हात लावू शकलं नाही.

त्याला हरवलं ते वारसाच्या अभावाने. 18 मार्च 1321 रोजी माते मेला, तेव्हा मुलगा हयात नव्हता. नातलगांपैकी एकाने सूत्रं घेतली, पण ऑगस्टमध्ये त्रेन्चेन राजाच्या हाती गेलं. पाव शतकाचं साम्राज्य पाच महिन्यांत आटोपलं, कारण ते एका माणसाच्या जरबेवर उभं होतं. चार्ल्सने यातून धडा घेतला. परत मिळालेले बरेचसे किल्ले त्याने राजाच्या मालकीचे ठेवून अधिकाऱ्यांना पदापुरतेच सोपवले. 1323 मध्ये त्याने दरबार तेमेश्वारहून हलवला, तो मातेकडून जिंकलेल्या विशेग्रादला.